‘जरा’ जाऊन ये

ताई, नमस्कार.

आम्ही व्हर्जिनियात ॲशबर्नला राहतो. यजमान एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, मी आणि मुलगा कुटुंबीयांसाठीच्या एच-४ वर. मुलगा १९ वर्षांचा, कम्युनिटी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. गेल्या हिवाळ्यात मित्राच्या घरच्या पार्टीहून परत येताना रात्री एक वाजता पोलिसांनी त्याला थांबवलं. श्वास तपासायच्या मशीनवर दारूचं प्रमाण ०.०५ आलं. कुणाला लागलं नाही, गाडीला ओरखडाही नाही. एप्रिलमध्ये लीझबर्गच्या कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. ५०० डॉलर दंड झाला आणि एक वर्षासाठी लायसन्स गेलं. वकिलाने अर्ज करून रिस्ट्रिक्टेड लायसन्स मिळवून दिलं: कॉलेज, कोर्टाने लावलेले दारूविषयीचे वर्ग आणि स्वतःचा डॉक्टर, एवढ्यापुरतंच.

मे महिन्यात साताऱ्याहून सासू-सासरे आले. त्यांना आम्ही काहीच सांगितलेलं नाही. सासरे एसटीत ड्रायव्हर होते, विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेले. त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? पण मग रोज काहीतरी निघतं. आजोबांना शनिवारी मंदिरात जायचं असतं, रविवारी मंडळाच्या ढोल-ताशाची प्रॅक्टिस असते. गेल्या आठवड्यात पाहुणे आले आणि दूध संपलं. यजमान म्हणाले, “जरा जाऊन दूध-कोथिंबीर घेऊन ये.” मुलगा हळूच म्हणाला, “पेपरवर नाहीये, बाबा.” सगळ्यांसमोर उलटून बोलला म्हणून हे चिडले. “तीन मैल आहे. कोण बघतंय?” तो गेला आणि आला. मला मात्र रात्रभर झोप नाही.

एवढ्या-तेवढ्याने खरंच इतका फरक पडतो का? सासऱ्यांना सांगावं का? डिसेंबरमध्ये नणंदेच्या मुलीचं लग्न आहे साताऱ्यात, आम्ही तिघंही जाणार आहोत. तोवर तरी हे झाकून राहावं असं वाटतं.

एक आई, ॲशबर्न

*

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले: “पेपरवर नाहीये, बाबा.” तुमच्या घरात कोर्टाचा तो कागद नीट वाचलेला माणूस एकच दिसतोय, आणि तो १९ वर्षांचा आहे. त्याने फेब्रुवारीत की जानेवारीत केव्हा जे केलं ते केलं, त्याची शिक्षा तो भोगतोय. दुधाच्या दिवशी मात्र घरात बरोबर तोच होता.

मी वकील नाही, हे आधी सांगते. पण इथल्या कोर्टांमध्ये मराठी-हिंदीची दुभाषी म्हणून बरीच वर्षं बसले आहे. दारूच्या पहिल्या केसमध्ये उभी असलेली पोरं पाहिली, आणि तीच पोरं काही महिन्यांनी पुन्हा उभी असलेली पाहिली. दुसऱ्या वेळी दारूचा संबंध बहुतेक नसायचाच. कुणी बहिणीला आणायला गेला होता, कुणी कामावरून येताना पिझ्झा घ्यायला वळला होता. शेजारी आई-वडील बसलेले, मान खाली. न्यायाधीशांनी “कुठे निघाला होतास?” असं विचारलं की पोरगं एकदा आईकडे बघायचं. ते बघणं मला इंग्रजीत करता यायचं नाही.

तर फरक किती पडतो ते सांगते.

२१ वर्षांखालच्या मुलाच्या रक्तात ०.०२ किंवा अधिक आणि ०.०८ पेक्षा कमी दारू सापडली, तर व्हर्जिनियात तो क्लास वन मिसडिमीनर, म्हणजे कमी गंभीर गुन्ह्यांच्या गटातला सगळ्यात वरचा गुन्हा. एक वर्ष लायसन्स जातं, शिवाय किमान ५०० डॉलर दंड किंवा ५० तास समाजसेवा. इथपर्यंत तुम्ही येऊन गेलात. आता पुढचं. रिस्ट्रिक्टेड लायसन्सवर लिहिलेल्या कारणाबाहेर गाडी चालवली, तर तो पहिल्या गुन्ह्याचा उरलासुरला भाग धरत नाहीत. तो नवा, वेगळा गुन्हा, आणि तोही क्लास वन मिसडिमीनरच: १२ महिन्यांपर्यंत जेल, २,५०० डॉलरपर्यंत दंड. हातातलं रिस्ट्रिक्टेडही जातं. प्रत्येकाला जेल होते असं नाही, तुम्हाला घाबरवायचंही नाही. पण कोथिंबिरीच्या जुडीसाठी हा जुगार खेळायचा का, एवढं यजमानांना विचारा.

“कोण बघतंय?” याचंही उत्तर आहे. कुणी मुद्दाम बघावं लागत नाही. मागचा दिवा गेलेला असतो, स्टॉप साइनला गाडी पुरती थांबलेली नसते. पोलिस लायसन्स मागतो, आपल्या गाडीत जाऊन नंबर घालतो, आणि रिस्ट्रिक्टेड आहे हे त्याला तिथेच दिसतं. मग तो परत येऊन दोनच गोष्टी विचारतो: कुठून आलास, कुठे चाललास. रात्री साडेआठला मागच्या सीटवर दुधाचा गॅलन असताना “कॉलेजला” म्हणायचं, म्हणजे वर पोलिसाशी खोटं बोलणं आलं. आणि केस होते ती स्टिअरिंगवर बसलेल्यावर. “जा” म्हणणारा घरी सोफ्यावर असतो.

आपल्या भाषेतला ‘जरा’ हा शब्द मला फार आवडतो, पण तुमच्या घरातून तो पुढच्या एप्रिलपर्यंत हद्दपार करा. जरा जाऊन ये, जरा सोडून ये, येता येता जरा घेऊन ये. त्या कागदावर ‘जरा’ला जागा नाही. ‘येता येता’लाही नाही. कॉलेज, वर्ग, डॉक्टर: तिथे जाणं आणि तिथून येणं, एवढीच परवानगी आहे. वाट वाकडी करून इंडियन ग्रोसरीत थांबलं की त्या कागदाचं संरक्षण संपलं. गाडीत गॅस भरायचं कामसुद्धा शनिवार-रविवारी तुम्हीच करून ठेवा, म्हणजे तोही प्रश्न उरत नाही.

गाडीत काय असावं ते सांगते. रिस्ट्रिक्टेड लायसन्स, कोर्टाच्या ऑर्डरची प्रत, या सेमिस्टरचं टाइमटेबल छापून, आणि वर्गांचं पत्र. टाइमटेबल बदललं की कागद बदलायचा. ऑर्डरवर वेळा लिहिलेल्या असतील आणि आता कॉलेजच्या वेळा वेगळ्या असतील, तर आधी वकिलाकरवी ऑर्डर बदलून घ्या. ते होईपर्यंत बस. ॲशबर्नला नोव्हेंबर २०२२ पासून मेट्रोच्या सिल्व्हर लाइनचं शेवटचं स्टेशन आहे. पोरगं मित्रांना भेटायला मेट्रोने गेलं तर त्यात कमीपणा कसला? त्याचे आजोबा आयुष्यभर लोकांना सार्वजनिक वाहनानेच नेत होते.

त्या वर्गांबद्दल एकच. व्हर्जिनियाच्या त्या कार्यक्रमाचं नाव व्हासॅप (VASAP). (माझ्या ओळखीच्या एका काकूंना वाटलं, मुलगा व्हॉट्सॲपवर क्लास करतोय.) वर्ग चुकवले, पैसे थकले, दारू पिऊन गेला, तर ते लोक कोर्टाला कळवतात आणि कोर्ट मुलाला पुन्हा बोलावतं. त्या संध्याकाळी घरी पाहुणे असोत की आरती असो, त्याला तिथे जाऊ द्या.

आता आजोबांचं मंदिर आणि डॉक्टर. इथे कायदा तुम्हाला वाटतो तितका कडक नाही. न्यायाधीश ज्या कारणांसाठी परवानगी देऊ शकतात त्या यादीत प्रार्थनास्थळ आहे: आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी. तुमच्या वकिलाने हे मागितलं नसावं, कारण बहुतेकांना सुचतच नाही. मुलाला स्वतःला शनिवारी मंदिरात जायचं असेल, तर ऑर्डरमध्ये ते घालून मिळावं असा अर्ज करता येतो, आणि मग शेजारच्या सीटवर आजोबा बसले तर कुणाची हरकत असायचं कारण नाही. तसंच घरात राहणाऱ्या माणसाचं गंभीर दुखणं असेल आणि डॉक्टरने गरज आहे असं लिहून दिलं, तर त्या फेऱ्याही मागता येतात. सासऱ्यांची तब्येत ठणठणीत असेल तर हे सोडून द्या. ढोल-ताशाची प्रॅक्टिस मात्र कुठेच बसत नाही. तालीम हीसुद्धा पूजाच, असं लीझबर्गच्या न्यायाधीशांना पटवायला जाऊ नका. पथकातला दुसरा कुणी त्याला उचलेल. आणि ज्या दिवशी आजोबांची अशी पहिली फेरी निघेल, त्या आधी ऑर्डर हातात हवी. अर्ज केलाय म्हणजे परवानगी मिळाली, असं होत नाही.

पोटोमॅक नदीपलीकडेही लक्ष ठेवा. ही परवानगी व्हर्जिनियाच्या कोर्टाने दिलेली आहे. मेरीलँडला किंवा डीसीत ती चालेल असं घरबसल्या ठरवू नका. मेरीलँडला कुणाकडे गणपतीला जायचं झालं, तर गाडी यजमानांनीच चालवायची. साताऱ्याला गेल्यावर काकांची ॲक्टिव्हाही नको. आंतरराष्ट्रीय परमिट असतं ते मूळ लायसन्सच्या जिवावर, आणि मूळच आजारी आहे.

यजमान म्हणत असतील (तुम्ही लिहिलं नाहीत, पण हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की लिहूनच टाकते) की आपल्याकडे एवढ्या-तेवढ्यासाठी कुणी पोराला कोर्टात उभं करत नाही. आपल्याकडची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे इथल्या भाषेत ०.०३. तुमच्या मुलाचं ०.०५ हे साताऱ्याच्या पोवई नाक्यावरही गुन्ह्यातच बसलं असतं. पिण्याचं वय म्हणाल, तर महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५. आणि मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, ते आठवत असेल. बाल न्याय मंडळाने जामिनासाठी ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, यावर सगळे बोलले. त्या प्रकरणात पुढे घरातल्या मोठ्यांनाही अटक झाली, ते त्यामानाने कमी जणांच्या लक्षात राहिलं. तुमच्या घरी देवाच्या कृपेने कुणाला काही झालं नाही. पोलिसाने वेळेत थांबवलं, एवढंच धरून चाला.

लग्नाबद्दल मात्र जरा बसून वाचा. (इथे ‘जरा’ चालेल.) पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंत आणि मला तीच ओळ सगळ्यात जड वाटली.

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली असेल, तर गेल्या ५ वर्षांतल्या अशा अटकेवरून अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. नोव्हेंबर २०१५ पासून तशी पद्धत आहे, आणि त्यासाठी शिक्षा व्हावीच लागते असंही नाही. मुलाच्या ई-मेलवर तसं काही आलंय का, हे आजच बघायला सांगा. स्पॅममध्येसुद्धा. व्हिसा रद्द झाला तरी इथे आत असलेल्याचा एच-४ दर्जा त्याबरोबर आपोआप जात नाही. म्हणून तर अनेक घरांना महिनोन् महिने कळतच नाही. कळतं ते बाहेर गेल्यावर. परत यायला नवा व्हिसा लागतो. फॉर्ममध्ये कधी अटक झाली होती का हे स्पष्ट विचारतात, आणि तिथे ‘नाही’ लिहिणं हे मूळ चुकीपेक्षा कितीतरी महाग. ‘हो’ लिहिलं की मुंबईत बीकेसीला अमेरिकी वकिलातीत होणाऱ्या मुलाखतीनंतर त्यांच्या ठरवलेल्या डॉक्टरकडे पाठवतात, दारूचं व्यसन आहे का हे तपासायला. त्यात आठवडे जातात. जानेवारीत सेमिस्टर सुरू होतं. पोरगं साताऱ्यात अडकलं तर काय करायचं, याचा विचार तिकीट काढण्याआधी करायचा असतो.

शिवाय तो २१ चा झाला की एच-४ संपणार, तेव्हा एफ-१ ची, म्हणजे विद्यार्थी दर्जाची, तयारी आताच हवी. त्या अर्जातही अटकेबद्दल विचारतात. गाडीची केस लढलेला वकील यासाठी पुरायचा नाही. इमिग्रेशनचा वेगळा वकील गाठा, कोर्टाचे सगळे कागद घेऊन जा. फी जाईल, जाऊ द्या. आणि दुधाच्या फेरीकडे पुन्हा एकदा या बाजूने बघा. एकदा झालेली चूक अशा टेबलावर समजावून सांगता येते. वर्षभरातला दुसरा गुन्हा कसा समजावणार?

लग्न कदाचित चुकेल. त्याचं एकट्याचं किंवा तिघांचंही. मग नणंद विचारणार, सासूबाई विचारणार, सगळा सातारा विचारणार. म्हणजे डिसेंबरपर्यंत झाकून ठेवायचा बेत तसाही टिकत नाही. तुमची गोष्ट डिसेंबरपूर्वी बाहेर येणारच आहे. ती तुमच्या तोंडून यायची की वऱ्हाडातल्या कुणाच्या, एवढंच तुमच्या हातात आहे.

आणि हे लपवणंच तुमच्या मुलाला गाडीत बसवतंय, ते दिसतंय ना? आजोबांना माहीत असतं तर दुधाच्या वेळी घरात वाद झालाच नसता. ‘पेपरवर नाहीये’ म्हणणारा पोरगा उलट बोलणारा ठरला नसता. तो कोर्टाची आज्ञा पाळायला गेला तर बापाची मोडते आणि बापाची पाळली तर कोर्टाची. एकोणिसाव्या वर्षी एवढं ओझं फार झालं.

सासऱ्यांच्या बिल्ल्याची तुम्हाला धास्ती वाटते. मला वाटतं, तुमच्या घरात या बाबतीत सगळ्यात उपयोगाचा माणूस तोच आहे. माझे मामा कराड डेपोला होते. ड्युटीवर निघालेली एसटी रूट सोडून कुणाच्या वाड्याच्या दारात नेता येत नाही, मग आत सरपंच बसलेला असो नाहीतर ड्रायव्हरची सख्खी बहीण. “दादा, जरा आत घ्या की गाडी” असं रोज कुणीतरी म्हणायचं, आणि मामा फाट्यावरच थांबवायचे. लायसन्स गेलं तर घरातली चूल कशी थंड पडते हे त्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. रिस्ट्रिक्टेड लायसन्स म्हणजे ठरलेला रूट. तुमच्या सासऱ्यांना हे एका वाक्यात कळेल. इंजिनिअर असलेल्या त्यांच्या मुलाला ते अजून कळलेलं नाही.

सांगायचं कसं? मुलानेच सांगावं. तुम्ही आणि यजमान दोघांनीही शेजारी बसावं, पण बोलू नये. रात्री जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून. “आजोबा, मी दारू पिऊन गाडी चालवली. पोलिसांनी पकडलं, कोर्टाने शिक्षा दिली. एप्रिलपर्यंत मला कॉलेज, वर्ग आणि डॉक्टर सोडून कुठे गाडी नेता येत नाही.” एवढं पुरे. मित्रांनी आग्रह केला, एकच ग्लास होता, असली शेपटं नकोत. ते रागावतील. दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित. सासूबाई रडतील आणि तुमच्या संस्काराबद्दल काहीतरी बोलतील, ते त्या दिवशी ऐकून घ्या. यजमानांनी मात्र एक वाक्य स्वतःहून म्हणायला हवं, पोरासमोर आणि वडिलांसमोर: “दुधाला मी पाठवलं, ती माझी चूक.” हे जमलं तर बाकीचं सोपं आहे. नाही जमलं, तर मला पुन्हा पत्र येईल.

मुलगा अजून पितो का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. विचारा त्याला, पण तो गाडी चालवत असताना नको आणि रात्री अकराला तर नकोच. रिस्ट्रिक्टेडवर असताना ०.०२ सापडलं तर तो आणखी एक स्वतंत्र गुन्हा. मंडळाच्या पार्टीत ‘एक घे रे, मोठा झालास’ म्हणणारे काका प्रत्येक गावात असतात. त्यांना तुम्हीच आवरा, त्याच्यावर सोडू नका.

या शनिवारी आजोबांना मंदिरात तुम्ही घेऊन जा. मुलाला यायचं असेल तर मागे बसू दे. आणि पुन्हा दूध संपलं, तर गाडीची किल्ली कुठल्या खिळ्याला असते ते यजमानांना माहीत आहेच.